वडिलांच्या हाती झेड४ द्यायची आहे, तयारी काय करू?

गंगापूररोडवाला

पुढच्या महिन्यात बाबांची पंच्याहत्तरी. त्या दिवशी त्यांना माझी झेड४, म्हणजे बीएमडब्ल्यूची दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार, चालवायला द्यायची आहे. गाडी एम४०आय, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, ओढ मागच्या चाकांना, आठ गिअरचा ऑटोमॅटिक. बाबांनी आधी पद्मिनी, मग मारुती ८००, आता स्विफ्ट, अशा सगळ्या मॅन्युअलच चालवल्या. ऑटोमॅटिकला हात लावलेला नाही. रोजचं ड्रायव्हिंग अजून चालू आहे, नाशिकमध्येच, कॉलेज रोड ते भाजी मार्केट एवढंच. लायसन्स चालू आहे.

शेजारी मी बसेन. तरी काय काय चुकू शकतं, आधी काय शिकवायचं, रस्ता कोणता आणि इन्शुरन्सचं काय, हे नीट कळायला हवं. "द्यावी की नाही" यावर प्रवचन नको, ते घरी ऐकून झालंय.

क्रँकशाफ्ट_अंबड

सगळ्यांना वेगाची धास्ती असते. खरा घोळ होतो तो पहिल्या दहा मीटरमध्ये: गेट, पार्किंग, उतारावरचा रॅम्प, यू-टर्न. हायवेवर ८० ला सरळ जाणारी झेड४ स्विफ्टपेक्षा शांत चालते. पण फाटकातून बाहेर पडताना ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, तर स्विफ्ट कुंडीला धडकून थांबेल. ही गाडी १,६०० आरपीएमपासूनच ५०० न्यूटनमीटर टॉर्क देते आणि साडेचार सेकंदांत शंभर गाठते. चूक कळेपर्यंत समोरची भिंत आलेली असते. म्हणून पहिला नियम: पार्किंगमधून काढणं आणि परत लावणं तुम्ही करायचं. बाबा मोकळ्या रस्त्यावरच चाकामागे बसतील आणि मोकळ्या रस्त्यावरच उतरतील. रिव्हर्स तर त्यांना द्यायचाच नाही. मान मागे वळवली की कंबर फिरते, कंबरेबरोबर उजवा पाय सरकतो आणि ब्रेक समजून भलतंच पेडल दाबलं जातं. शिवाय गाडी अचानक उसळली की माणूस घाबरून पाय आणखी जोरात दाबतो, कारण त्याच्या मते पाय ब्रेकवरच असतो.

दुसरी गोष्ट डाव्या पायाची. पन्नास वर्षं क्लच मारलेला पाय थांबताना आपोआप क्लच शोधतो. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचं पेडल रुंद असतं, त्यामुळे डावा पाय थेट ब्रेकवर पडतो, तोही क्लचच्या जोराने. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा रिक्षावाला डिकीत. उपाय सोपा: डावा पाय डावीकडच्या फुटरेस्टवर टाच टेकवून ठेवायचा आणि पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी तुम्ही विचारायचं, "डावा पाय कुठे?" चिडतील. चिडू द्या.

गिअरचा दांडा मोबाइल गेमसारखा आहे, ढकलला की परत मधे येतो. मागे ओढला की डी, पुढे ढकलला की आर, पी साठी वेगळं बटण. मॅन्युअलची सवय असलेल्याला दांडा कुठे आहे त्यावरून गिअर कळतो, इथे कळत नाही. म्हणून नियम असा की पाय ब्रेकवर, दांडा हलवला, मग समोरच्या डिस्प्लेवर अक्षर वाचलं, तोंडाने म्हटलं "डी", आणि मगच ब्रेक सोडला. पायरी गाळायची नाही.

सरावाचा क्रम देतो. मोकळी, सपाट, खासगी जागा बघा. ओळखीच्या कारखान्याचं आवार सुट्टीच्या दिवशी मिळालं तर उत्तम.

सुरुवातीची पंधरा मिनिटं अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्शच नाही. डी टाकून ब्रेक सोडला की गाडी आपणहून रांगते, चालत्या माणसापेक्षा जरा वेगात. नुसत्या ब्रेकवर चालवा, थांबवा, चालवा. जमिनीवर खडूची रेघ मारून पुढचं चाक रेघेवर थांबवायला सांगा. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढे. मग अ‍ॅक्सिलरेटर, पण फक्त २० पर्यंत आणि परत शून्य. मग ४०.

सगळ्यात शेवटी ४० वरून करकचून ब्रेक. हे टाळू नका. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) लागला की पेडल पायाखाली थरथरतं, करकर आवाज येतो. पूर्वी एबीएस नसलेल्या गाड्या चालवलेला माणूस काहीतरी तुटलं असं समजून पाय उचलतो. "थरथरलं तरी दाबूनच ठेवायचं" हे पायाला माहीत हवं. कोरड्या रस्त्यावर ४० ला ब्रेक लागल्यापासून साधारण आठ मीटर लागतात, पण निर्णयाला दीड सेकंद धरला तर त्याआधीच सतरा मीटर गेलेले असतात. ६० ला हेच एकूण बेचाळीसच्या घरात जातं. बाबांना हा हिशोब आधी सांगा, पुढच्या गाडीपासून अंतर आपोआप वाढेल.

सेटिंग: मोड कम्फर्ट. स्पोर्टमध्ये पेडल चुरचुरीत होतं, गिअर उशिरा बदलतात, उगाच दचकायला होतं. डीएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) चालू, म्हणजे त्या बटणाला हातच नको. ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करा, नाहीतर सिग्नलला इंजिन थांबलं की "बंद पडली" म्हणून स्टार्टचं बटण दाबतील. स्पीड लिमिटर ८० वर लावा. मात्र तो काही भिंत नव्हे, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की तो मुद्दाम बाजूला होतो. म्हणजे घाबरून दाबलेल्या पायापुढे त्याचा उपयोग शून्य, फक्त नकळत वाढणाऱ्या वेगाला तो आवरतो.

आणि पायाखालच्या मॅट! जाड सेव्हन डी मॅट टाकली असेल तर काढा. तिची कड अ‍ॅक्सिलरेटरखाली किंवा टाचेखाली येते. कंपनीची पातळ मॅट, तीही हुकात अडकवलेली. सीटजवळ पाण्याची सुटी बाटली नको, घरंगळून ब्रेकखाली गेली की संपलं.

आता तुमचं काम. शेजारी बसून स्टिअरिंग ओढायचं नाही, कधीच नाही. तुमच्या हाताशी दोन गोष्टी आहेत. एक, गिअरचा दांडा: चालत्या गाडीत हलकेच पुढे, पहिल्या टप्प्यापर्यंत ढकलला की न्यूट्रल. इंजिन नुसतं ओरडेल, ओढणार नाही. दोन, मधल्या कन्सोलवरचं पार्किंग ब्रेकचं बटण: वर ओढून धरून ठेवलं की चालती गाडी जोरात ब्रेक घेते, सोडलं की सोडते. हे दोन्ही आधी मोकळ्या जागेत ३० च्या वेगाने स्वतः करून बघा, शेजारच्या सीटवरून, चालवणाऱ्याला सांगून. ऐनवेळी बटण शोधत बसाल तर काही उपयोग नाही.

पंचवटीकर_७१

एवढा खटाटोप करण्यापेक्षा शेजारच्या सीटवर बसवून छत उघडा आणि फिरवून आणा. त्यातही तोच वारा लागतो.

क्रँकशाफ्ट_अंबड

वारा तोच, स्टिअरिंग वेगळं. प्रश्न चालवण्याचा आहे.

पॉलिसीपंत

कागदांचं बघून घ्या, ते स्वस्तात होतं.

लायसन्स: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं. तारीख स्वतः कार्डावर वाचा, "चालू आहे" या तोंडी खात्रीवर जाऊ नका. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स ग्राह्य धरायचे, ती सवलत गेली. मुदत संपली असेल तर सारथी पोर्टलवर अर्ज, चाळिशीच्या पुढे असल्यामुळे डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए, आणि गरज पडली तर पेठ रोडच्या आरटीओत फेरी. संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि क्लेमही हातचा जातो.

पॉलिसी: खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत "ड्रायव्हर्स क्लॉज" असतो. वैध लायसन्स असलेला कोणीही, तुमच्या परवानगीने, चालवू शकतो. वडिलांचं नाव वेगळं टाकावं लागत नाही. लोकांची चूक होते ती दुसरीकडे. १५ लाखांचं जे सक्तीचं अपघात कव्हर असतं ते मालक-चालकाचं, म्हणजे तुमचं. तुम्ही शेजारी बसला असाल तरी तुम्हाला ते लागू होतं, पण स्टिअरिंगवरच्या बाबांना त्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी बाबांच्या नावाचं स्वतंत्र अपघात कव्हर घ्या. वयाची अट आधी विचारा, बऱ्याच योजनांत प्रवेशाची कमाल मर्यादा सत्तरच्या आसपास असते. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर मालक-चालक कव्हरच नसतं, हेही तपासा.

बाकी झीरो डेप (क्लेममधून सुट्या भागांची घसारा-कपात न करणारं कव्हर) आणि टायर-अलॉय कव्हर असेल तर ठीक. १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचे २,००० रुपये तुमच्या खिशातून जातात, ते किरकोळ. खरा फटका नो क्लेम बोनसचा (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट). ५० टक्क्यांवर असाल तर एका बंपरच्या क्लेमने तो शून्यावर येतो. ही सूट राखणारं एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं नसेल तर ओरखड्याचा हिशोब आधी करा, क्लेम मग.

गंगापूररोडवाला

क्रँकशाफ्टराव, पंत, आभार. लायसन्सची तारीख बघितली, अजून अडीच वर्षं आहेत. आरोग्याचंही सांगतो: शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. रात्री झोपताना प्रोस्टेटची गोळी. गुडघे कुरकुर करतात, पण जिना चढतात. यातलं काय आडवं येईल?

फिजिओ_नाशिकरोड

क्रमाने धोका सांगते, सगळ्यात मोठा आधी. तो पायांत आहे.

जुन्या शुगरमध्ये तळव्याची संवेदना कमी होते, आणि ती इतकी हळूहळू होते की माणसाला स्वतःला कळत नाही. स्विफ्टच्या पेडलची सवय असल्यामुळे तिथे निभावतं. नवीन गाडीत पेडलचं अंतर वेगळं, जोर वेगळा, आणि पाय कशावर आहे ते तळव्याने सांगायला हवं. डायबेटिसच्या डॉक्टरांकडे १० ग्रॅमची मोनोफिलामेंट चाचणी (नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून) आणि १२८ हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कची कंपन-चाचणी होते. दहा मिनिटांचं काम आहे. अंगठ्याखाली आणि चवड्यावर दोरा टोचलेला कळत नसेल तर झेड४ चा विचार तिथेच थांबवा. स्विफ्टबद्दलही बोलायची वेळ आली असं समजा.

घरी करायची चाचणी: खुर्चीवर बसवून जमिनीवर दोन वह्या ठेवा, मधे वीतभर अंतर. डोळे समोर, खाली बघायचं नाही. तुम्ही "ब्रेक" म्हणालात की उजवा पाय एका वहीवरून उचलून दुसरीवर, टाच सरकवून नव्हे तर पाऊल पूर्ण उचलून. वीस वेळा. एकदाही वही चुकता कामा नये. तीन-चारदा चुकली तर कारण गुडघा, कंबर की संवेदना, ते तपासून घ्या.

दुसरं, ग्लिमेपिराइड. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा शुगर फार खाली जात नाही, ग्लिमेपिराइडने जाते. निघण्याआधी ग्लुकोमीटर लावा. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग परत मोजायचं. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे पाण्यात, आणि आकडा पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास चाक हातात नाही, कारण मेंदू आकड्याच्या मागून सावरतो. नाश्ता लांबवून "आधी चक्कर मारून येऊ" हे नको. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड जाणवत नाही, फक्त घाम येतो. ते औषधही बघून घ्या.

प्रोस्टेटच्या गोळीने उठताना बीपी पडतं. एवढ्या खोल सीटवरून झटक्यात उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. दार उघडून, पाय बाहेर टेकवून एक मिनिट बसायचं, मग उभं राहायचं. सर्दीची साधी गोळीसुद्धा त्या दिवशी नको, सेटिरिझिन आणि तिच्या जुन्या बहिणी गुंगी आणतात.

डोळे: ऑपरेशन झालंय हे उलट चांगलं. फॉर्म १ए मधलीच कसोटी घरी लावा, भर उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता यायला हवी, चष्मा असेल तर चष्म्यासकट. बायफोकल असेल तर समोरचा डिस्प्ले कोणत्या भागातून दिसतो ते बसून बघा, हनुवटी उचलून वाचावं लागत असेल तर वेगाचा आकडा तुम्ही सांगा. संध्याकाळी परतीला समोरून सूर्य नको.

बसण्या-उतरण्याला लोक किरकोळ समजतात, पण गुडघेदुखी असलेल्यासाठी हेच मुख्य काम. छत आधी उघडा, म्हणजे डोकं वाकवावं लागत नाही. सीट पूर्ण मागे आणि वर. पाठ गाडीकडे करून आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. एक पाय आत टाकून बसायला गेले की सगळं वजन वळलेल्या गुडघ्यावर येतं. सीटवर गुळगुळीत कापडाचा तुकडा ठेवला तर फिरणं सोपं जातं, पण चालवण्याआधी तो काढायचा. दाराला लोंबकळून उठू देऊ नका, हात सीटच्या कडेवर.

मग सीट लावा. ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहावा. छाती स्टिअरिंगच्या मध्यापासून २५ सेंटिमीटर तरी लांब. वयस्कर माणसं चाकाला चिकटून बसतात, एअरबॅग उघडली तर तीच इजा करते. बसणी झाली की मेमरी बटणावर साठवा.

पायात पातळ, सपाट रबरी तळ्याचे बूट. कोल्हापुरी, फ्लोटर, जाड स्पोर्ट्स शूज यांपैकी काहीही नको.

वळणावळणाचा_त्र्यंबक

रस्त्याचं मी सांगतो. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेसहा ते साडेआठ. दुसरी वेळच नको.

गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे धरणाच्या बाजूला जा. शहर संपलं की बाबा चाकामागे. रस्ता बरा, वळणं सौम्य, आणि वाटेत कडेला थांबायला जागा आहे. शनिवार-रविवार मात्र याच रस्त्याला शिवू नका. वायनरीकडे येणाऱ्या गाड्यांची झुंबड असते आणि दुपारनंतर परतणाऱ्यांतला प्रत्येक जण शुद्धीत असेलच असं नाही.

त्र्यंबक रोड सरळ आणि मोहक वाटतो, पण सिंहस्थाच्या कामांमुळे कुठे वळवलेलं, कुठे खडी, आज एक तर उद्या दुसरं. आदल्या दिवशी स्वतः फिरून या. श्रावणात तर विसराच, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला रस्ता माणसांचा असतो.

द्वारका, मुंबई नाका आणि उड्डाणपुलाखालचे चौक टाळा. पुण्याच्या बाजूला सिन्नरपर्यंत चौपदरी आहे, पण मोहदरी घाटात ट्रकांमधून ओव्हरटेक करायला लागतं. समृद्धीचा मोह होईल, १२० ची परवानगी आहे म्हणून. माझं मत नाही. एकदा चढलात की पुढचा इंटरचेंज बराच लांब असू शकतो, मधे यू-टर्न नाही, बाबा दमले तर जागा बदलायला सोय नाही, आणि सरळ काँक्रीटवर डोळ्यांना झापड येते. पहिल्या दिवशी तर मुळीच नको.

गावाबाहेरचे गतिरोधक हा या गाडीचा शत्रू. नियमानुसार ते दहा सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटर रुंद असावेत, प्रत्यक्षात गावकऱ्यांनी रातोरात केलेला अरुंद उंचवटा असतो. झेड४ चं पोट जमिनीपासून साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास. सरळ गेलात तर घासणार. तिरकं घ्यायचं, एकेक चाक चढवत, रांगण्याच्या वेगात. पण तिरकं घेताना समोरच्याची लेन अडते, म्हणून आरशात आणि समोर बघून, तुम्ही "आता" म्हणाल तेव्हाच. गतिरोधक कुठे कुठे आहेत ते आदल्या दिवशी मोजून ठेवा. बहुतेकांवर पांढरे पट्टे नसतात.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचे आणि कांद्याचे ट्रॅक्टर असतात, मागे रिफ्लेक्टर नाही, ट्रॉली अर्ध्या लेनबाहेर. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो. मागून ओढणारी गाडी, रुंद टायर आणि ओला चिखल, त्यावर वळणात पाय जड पडला तर डीएससीलाही घाम फुटतो. रस्ता ओला असेल तर दिवस बदला. वाढदिवस तारखेनेच करायला हवा असं नाही, तिथी आहेच की.

गंगापूररोडवाला

तिथीचं बाबांना पटेल. शेवटचं एक: छत उघडं ठेवून चालवू द्यायचं का? आणि सलग किती वेळ?

क्रँकशाफ्ट_अंबड

छत उघडंच, पण थांबूनच उघडा-मिटा. ५० पर्यंत चालत्या गाडीत दहा सेकंदांत होतं, म्हणून लोक चालता चालता करतात आणि चालवणारा वर बघत बसतो. टोपी घट्ट हवी, उडाली की हात आधी टोपीकडे जातो. दोन्ही काचा वर ठेवल्या तर ७० पर्यंत बोललेलं ऐकू येतं. तुमच्या सूचना त्यांना ऐकू यायलाच हव्यात, श्रवणयंत्र असेल तर वाऱ्याचा घोंघाट त्यात भरतो, तेव्हा काचा वरच. आणि सूचना लहान: "सोडा", "ब्रेक", "डावीकडे". पूर्ण वाक्य बोलेपर्यंत वीस मीटर जातात.

फिजिओ_नाशिकरोड

वीस मिनिटं, मग थांबून चहा, मग हवं तर आणखी वीस. लक्ष उतरलं की आधी सिग्नल देणं विसरलं जातं, मग लेनच्या मधून गाडी डावीकडे सरकते. सिग्नल दोनदा विसरले की चहाची वेळ झाली असं म्हणा, थकलात असं म्हणू नका. चहा बिनसाखरेचा, आणि ग्लुकोमीटर सोबत घ्या.

क्रँकशाफ्ट_अंबड

एक राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी टायर थंड असताना हवा बघा, दारातल्या स्टिकरवरचा आकडा. पुढची आणि मागची हवा वेगळी असू शकते, पंपावरचा पोऱ्या चारही चाकांत ३५ भरून मोकळा होतो.